दह्याचे एकेचाळीस टक्के

दह्याला एकेचाळीस टक्के मिळाले. टेम्पोला चव्वेचाळीस, वृषालीला स्वतःला पंधरा, आणि ज्या गाडीनं भर रस्त्यात बसकण मारली तिच्या कंपनीला शून्य. खड्ड्यालाही शून्य. आता बोला!

वृषाली कुपवाडेनं फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे असं बघितलं, की फोन माणूस असता तर उठून गेला असता. पण पलीकडे माणूस नव्हताच. गोड आवाजाची यंत्रातली बाई होती आणि ती म्हणत होती, पुन्हा ऐकायचं असल्यास ‘पुन्हा’ म्हणा. वृषालीनं ‘पुन्हा’ म्हटलं. बाईनं पुन्हा तेच वाचलं, त्याच गोडव्यानं. दोषवाटा क्रमांक दोन, श्रीमती विजयमाला कुपवाडे, चालकाशी नातं सासू, कृती म्हणजे निघताना चालकाच्या तळहातावर दही-साखर ठेवणे.

दोषवाटा क्रमांक दोन त्या वेळी स्वयंपाकघरात मऊ भात ढवळत होत्या. वृषालीचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत पट्टीत होता आणि ती डाव्या हातात चमचा धरून जेवते, याचा अक्कांना रोज नव्यानं राग यायचा. मी भरवते म्हणायच्या. वृषाली म्हणायची, मी काय लहान आहे का. एवढ्यात भात गार व्हायचा.

हे टक्क्यांचं प्रकरण नवीन असताना सगळ्यांनीच त्याचं स्वागत केलं होतं, वृषालीनंसुद्धा. पूर्वी अपघात झाला की दहा-दहा वर्षं कोर्टात चपला झिजायच्या. साक्षीदार फुटायचे, विमा कंपन्या हात वर करायच्या. त्यावर ‘दोषवाटप’ यंत्रणा आली. तिचं गणित तसं सरळ आहे. गाड्यांतली, सिग्नलवरची, माणसांच्या मनगटांवरची सगळी यंत्रं जे काही टिपतात ते गोळा करायचं आणि तो अपघात आकड्यांमध्ये हुबेहूब उभा करायचा. मग तो लाखो वेळा पुन्हा घडवून बघायचा, दर वेळी एकेक गोष्ट वगळून. टेम्पोनं जरा आधी ब्रेक दाबला असता तर? ऊन डोळ्यांवर नसतं तर? बायकोचा फोन आला नसता तर? जी गोष्ट वगळल्यावर अपघात जास्त वेळा टळतो, तिच्या पदरात जास्त टक्के. चहा गार व्हायच्या आत निकाल.

फक्त ही कारणांची साखळी कुठं तोडायची, हे त्या यंत्राला कुणी शिकवलंच नाही. ते रस्त्यावरून मागं मागं जात थेट माणसाच्या घरात शिरलं. शेजारच्या भारती मगदूमच्या नवऱ्यानं दुचाकी दुभाजकावर घातली, तर भारतीला सात टक्के आले, कारण सकाळी डब्यावरून झालेलं भांडण त्याच्या नाडीत अजून धडधडत होतं. तेव्हापासून ते दोघं फक्त रविवारी भांडतात, गाडीची किल्ली कपाटात ठेवून. कॉलनीत ‘पोचलास का’ म्हणून फोन करणं बंद झालं. ‘सावकाश जा’ असं म्हणायचीही चोरी झाली, कारण एका बिचाऱ्या मामाच्या ‘सावकाश जा’मुळं भाच्यानं मान वळवली होती आणि मामाला तीन टक्के पडले होते. आणि खड्डा? खड्ड्याला शून्य, कारण रस्त्याचं चित्र यंत्राला रस्त्यांच्या खात्याकडून मिळायचं आणि त्यांच्या कागदोपत्री त्या रस्त्यावर खड्डा नव्हता. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती अशी.

त्या दिवशी वृषाली मुलाखतीला निघाली होती. मिरजेच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तिची वीस वर्षं रक्त काढण्यात गेली होती. कसलीही दडून बसलेली शीर तिच्या बोटांना सापडायची. म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं तर तिच्याचकडे पाठवायचे. आता कोल्हापूरच्या एका मोठ्या रुग्णालयात लॅबच्या मुख्य तंत्रज्ञाची जागा निघाली होती. उशीर झाला होता. आणि दारात अक्का उभ्या, वाटी आणि चमचा घेऊन.

“नको हो अक्का, उशीर होतोय,” ती म्हणाली होती.

“हात कर पुढे,” अक्का म्हणाल्या होत्या.

हे दोघींचं नेहमीचं. लग्न होऊन आल्यापासून वृषाली एकदाही स्वतःहून दही मागायला थांबली नव्हती आणि अक्कांनी एकदाही तिला दह्याशिवाय उंबरा ओलांडू दिला नव्हता. दह्यानं नोकऱ्या मिळत नाहीत, हे वृषालीनं त्यांना शंभरदा सांगून झालं होतं. एकदा तर तिनं लॅबमध्ये नेऊन त्यांना त्यांच्याच दह्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला होता. ही बघा तुमची पिलावळ, दैवी वगैरे काही नाही. अक्कांनी एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, म्हणजे जिवंत आहे की. असल्या माणसाशी काय बोलणार!

तर तिनं तळहात पुढं केला, दही चाटलं, हात ओढणीला पुसला आणि गाडीत बसली.

आता गाडीचं शहाणपण ऐका. नव्या गाड्या बऱ्याचशा स्वतःच चालतात, पण माणसाचा हात सुकाणूवर असावाच लागतो. तो आहे की नाही हे कळायला चामड्याखाली बारीक तारा असतात. आपल्या शरीरात विजेचा सूक्ष्म भार साठतो, त्यामुळं हात टेकला की तारांना फरक जाणवतो. पण लोक कसले बेरकी! सुकाणूला मोसंबं बांधायचे, नाहीतर ओलं फडकं गुंडाळायचे आणि आरामात झोपायचे. म्हणून कंपनीनं गाडीला आणखी हुशार केलं. जिवंत हाताचा स्पर्श सारखा बारीकसारीक बदलत असतो. मोसंब्याचा बदलत नाही. बराच वेळ एकसारखाच ओलावा लागला, की हा हात खोटा आहे असं गाडीनं समजायचं. दह्यात पाणी, क्षार आणि स्निग्धांश असतात. ओढणीला पुसूनही त्याचा पातळ थर तळव्यावर राहिला, सुकाणूच्या चामड्यावर पसरला, आणि तारांना हाताच्या थरथरीऐवजी तो सपाट ओलावाच तेवढा कळत राहिला. गाडीनं वृषालीचा हात मोसंब्यात काढला.

अंकलीच्या पुलाच्या अलीकडे गाडी म्हणाली, कृपया सुकाणूवर हात ठेवा. वृषाली म्हणाली, ठेवलाय. गाडी पुन्हा म्हणाली. वृषालीनं दोन्ही हातांनी सुकाणू गच्च आवळलं आणि ती ओरडली, ठेवलाय की गं बाई! गाडीनं तिसऱ्यांदा विनंती केली आणि मग सुरक्षिततेसाठी म्हणून, भर रस्त्यात, पुढच्या खड्ड्याच्या तोंडाशी थांबली. मागून हळदीची पोती भरलेला टेम्पो येत होता. तो जुना, बिनहुशारीचा होता. खड्ड्यामुळं बाजूनं निघायला वाट नव्हती. त्याच्या ब्रेकनं होईल तेवढं केलं.

वृषालीच्या हाताची हाडं जुळली. पण मनगटाच्या वरचा मज्जातंतू तुटला होता. डॉक्टरांनी तिला साध्या भाषेत समजावलं, आणि तिला ते आधीच माहीत होतं. तुटलेला मज्जातंतू सांधला तर रोज जेमतेम मिलिमीटरभर वाढतो, आणि बोटांचे स्नायू त्याची फार दिवस वाट बघत नाहीत. शस्त्रक्रिया लवकर झाली तर बोटांत जाण परत येईल, उशीर झाला तर ती बोटं नुसती असतील. आणि शस्त्रक्रिया विम्यावर होती, आणि विमा ‘मान्य’वर होता. टक्के मिळालेल्या प्रत्येकानं सुनावणीत येऊन ‘मान्य’ म्हणायचं, की विमा कंपनी खर्च उचलणार. एकानं जरी ‘अमान्य’ म्हटलं तर प्रकरण लवादाकडे, आणि तिथली गती तीच जुनी, चपला झिजायची.

म्हणजे हात हवा तर अक्कांना समोर बसवून त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं, की होय, मी माझ्या सुनेचा हात मोडला. आणि ते त्यांच्या नावावर कायमचं नोंदलं जाणार.

वृषालीचं डोकं फिरलं. वीस वर्षं ती या दह्याशी वाद घालत होती, आणि आता तो वाद ती जिंकली होती, सरकारी शिक्क्यासकट. अक्कांचं चुकलं हे यंत्रानं लाखो वेळा पडताळून सांगितलं होतं. आणि तिला ते वाक्य स्वयंपाकघरापर्यंत नेववत नव्हतं. तिनं नवऱ्याला, रणजितला सांगितलं. रणजित म्हणाला, बघू. रणजित आयुष्यभर बघू म्हणत आला होता. एवढं मात्र त्यानं ठरवलं, की सुनावणीपर्यंत आईला ताकास तूर लागू द्यायची नाही. त्यानं अक्कांचा फोन दुरुस्तीच्या नावाखाली उचलून नेला आणि आपण फार मोठं काम केलं अशा चेहऱ्यानं आला.

चार दिवसांनी वृषालीला फ्रिजमध्ये दही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तिनं बघितलं, तर दह्याची सट घासूनपुसून फळीवर पालथी घातलेली होती.  अक्कांचं विरजण त्यांच्या माहेरचं, जतचं होतं. लग्नात आईनं वाटीत बांधून दिलेलं. त्यानंतर रोजच्या दह्यातलं चमचाभर उद्यासाठी काढून ठेवत त्यांनी ते कधी मोडू दिलं नव्हतं. गावाला जाताना सटीसकट न्यायच्या. ते विरजण मोरीत गेलं होतं.

“दही कुठंय?” वृषालीनं विचारलं.

“संपलं,” अक्का म्हणाल्या आणि भाजी निवडत राहिल्या. थोड्या वेळानं त्यांनीच मान खाली घालून सांगितलं, की फोन लागत नाही म्हणून त्या बाईनं दुपारच्या मालिकेच्या मध्येच टीव्हीवर येऊन सगळं वाचून दाखवलं. पुन्हा ऐकायचं असल्यास पुन्हा म्हणा, असंही म्हणाली. मी म्हटलं पुन्हा, अक्का म्हणाल्या. नीट समजायला नको का.

वृषालीला इतकी चीड आली, की समोर ते यंत्र असतं तर तिनं चांगल्या डाव्या हातानं ते फोडलं असतं. तिनं अक्कांना बजावलं, की हे सगळं खुळचटपणाचं आहे, मी अमान्य म्हणणार आहे, तुम्ही तिथं तोंड उघडायचं नाही. अक्का हो म्हणाल्या. अक्का एवढ्या पटकन हो म्हणाल्या, तिथंच तिनं ओळखायला हवं होतं.

सुनावणी सांगलीला झाली. आवटी नावाचे अधिकारी होते, भला माणूस, पण करायला काही नव्हतं. निकाल यंत्राचा, यांनी नुसता वाचायचा. टेम्पोवाले सदाशिव एका कोपऱ्यात बसले होते. वृषालीच्या पट्टीकडे त्यांना बघवत नव्हतं. आवटींनी आधी वृषालीला एक प्रश्न विचारला, कारण नियमात एक पळवाट होती. मागून घेतलेल्या गोष्टीचा वाटा मागणाऱ्याचा. दही तिनं स्वतःहून मागितलं असेल, तर ते एकेचाळीस टक्के अक्कांच्या नावावरून निघून तिच्या नावावर येतील आणि ‘मान्य’ म्हणायला तिचं तिलाच पुरे.

“हो,” वृषाली म्हणाली. “मीच मागितलं होतं.”

आवटींनी नाइलाजानं एक बटण दाबलं. फाटकाशी उभ्या गाडीनं टिपलेला तिचाच आवाज खोलीत आला. नको हो अक्का, उशीर होतोय.  वृषाली आयुष्यात पहिल्यांदा अक्कांच्या बाजूनं खोटं बोलली होती आणि तेही तिला धड जमलं नव्हतं.

मग ज्याचे टक्के जास्त त्यानं आधी, या क्रमानं सुरुवात झाली. सदाशिव मान्य म्हणाले. वृषालीनं अक्कांचा हात दाबला. अक्कांनी तो हळूच सोडवून घेतला, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “मान्य.”

“अक्का!”

“तुझ्या बोटांना शिरा सापडतात गं,” अक्का म्हणाल्या. “माझ्या नावाचं काय, ते रेशनकार्डावर नुसतं पडून असतं. हात बरा होऊ दे, मग भांड.”

वृषालीला राग अनावर झाला, आणि त्याच वेळी तिला तिचा हात हवा होता, हेही खरं होतं. त्या खरेपणाचाच तिला जास्त राग आला. तिनं खाली बघत मान्य म्हटलं.  परत येताना गाडीत बोलायचीही आता सोय राहिली नव्हती.

शस्त्रक्रिया झाली. ऐन थंडीत अंगठ्याला गार-गरम कळायला लागलं, आणि उन्हाळा लागेपर्यंत तर्जनीखाली रणजितच्या मनगटाची शीर पुन्हा उड्या मारायला लागली. सगळे खूश झाले. अक्काही झाल्या. पण अक्का आता दारात येत नव्हत्या. कुणी बाहेर निघालं की त्या आतल्या खोलीत जाऊन कपड्यांच्या घड्या घालायच्या, घातलेल्या मोडून पुन्हा घालायच्या. कुठं निघालीस नाही, डबा घेतलास का नाही, येते म्हण नाही. घरात दही बाजारातून येत होतं, पुड्यातलं. अक्का ते खात नव्हत्या. घरात एक माणूस असून नसल्यासारखं झालं होतं, आणि याचे टक्के कुठलं यंत्र काढणार होतं?

मग त्या कोल्हापूरच्या रुग्णालयातून पुन्हा फोन आला. जागा अजून भरलेली नव्हती, उद्या येऊन भेटा. वृषालीनं ही बातमी मुद्दाम स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितली. अक्का बरं म्हणाल्या आणि घड्या घालायला गेल्या. झालं, वृषालीच्या संयमाची दोरी तिथं तुटली. ती तशीच वाटी घेऊन शेजारी गेली.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. तिनं भारतीला सरळच सांगितलं, की विरजण दे. भारती या कॉलनीत राहायला आली तेव्हा तिला विरजण अक्कांनीच दिलं होतं. तिच्याकडं अजून तेच चालू होतं. पण भारतीनं वाटीकडं बघितलं, वृषालीच्या हाताकडं बघितलं आणि दोन पावलं मागं सरकली. नको बाई, म्हणाली, माझे आधीचे सात आहेत. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं तिचं झालं होतं. वृषालीनं समजावलं, हातापाया पडली, शेवटी चिडली. तेव्हा भारतीनं एक अट घातली. तिला दारावरच्या कॅमेऱ्यासमोर उभं केलं आणि स्पष्ट आवाजात म्हणायला लावलं, की मी, वृषाली रणजित कुपवाडे, हे विरजण स्वतः मागून नेत आहे. वृषालीनं ते म्हटलं. भारतीनं नीट ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा म्हणायला लावलं. एवढ्या कारभारानंतर चमचाभर विरजण मिळालं.

संध्याकाळी वृषालीनं स्वतः दूध कोमट केलं आणि पालथी सट सुलटी करून तीत विरजलं. सकाळी ती तयार होऊन येईपर्यंत सटीवरचं झाकण सरकलेलं होतं. अक्का ओट्यापाशी उभ्या होत्या. त्यांच्या ओठाला दही लागलं होतं.

“दूध जास्त तापवलंस,” त्या म्हणाल्या. “आंबलंय.” आणि मग एकदम भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. चव त्यांनी ओळखली होती.

वृषालीनं पर्स उचलली आणि ती उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली. फाटकाशी गाडी होती. आज पहिल्यांदाच तिला ती गाडी ऐकत असल्याचा राग आला नाही. उलट ती जरा घसा खाकरून, कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

“अक्का, दही द्या. मी मागतेय.”

 वृषाली थांबली. उशीर होत होता आणि ती थांबली. मग चमचा वाटीला लागल्याचा आवाज आला आणि अक्का दारात आल्या, किती तरी महिन्यांनी. वृषालीनं उजवा तळहात पुढं केला. मनगटापासून कोपराकडं गेलेला टाक्यांचा व्रण होता. अक्कांचा चमचा त्या हातापर्यंत आला आणि तिथंच अडला. तो खाली उतरेना.

“हातावर नको,” अक्का म्हणाल्या. “आ कर.”

सत्तेचाळीस वर्षांच्या वृषाली कुपवाडेनं भर सकाळी, सगळ्या कॉलनीच्या देखत, उंबऱ्यावर उभं राहून आ केला. दही आंबटच होतं, साखर पुरत नव्हती. समोरच्या खिडकीत भारती पडदा धरून उभी होती.

वृषाली गाडीत बसली आणि तिनं दोन्ही कोरडे हात सुकाणूवर ठेवले. हात आहेत, असं गाडी म्हणाली. मागून अक्कांनी हाक मारली, त्या यंत्राला, मामाच्या तीन टक्क्यांना, कशालाही न जुमानता.

“सावकाश जा गं. आणि पोचलीस की फोन कर.”